कड्याची घाई

फोतिनी बुडाली. छे, असं काही झालंच नाही. ती मजेत पोहत होती.

कार्पाथोस बेटाच्या त्या निवांत किनाऱ्याकडे होडी वळवण्याआधी नावाडी हाक देतात. पण आज नावाडी मिनासनं तोंड उघडण्याआधीच समोरच्या कड्यातून त्याच्याच आवाजातला प्रतिध्वनी आला, "होडी येतेय!" मग मिनास तेच ओरडला.

"एकदा ओरडलास तरी पुरे, म्हाताऱ्या!" पाण्यातून त्याची बायको फोतिनी खिदळली.

एवढ्यात कड्यानं त्याच्याच आवाजात हंबरडा फोडला, "फोतिनी, हात दे गं!"

हे आपण बोललोच नाही, तर ते घडणारही नाही. मिनासनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

फोतिनीचं खिदळणं मध्येच थांबलं.

मिनास बोटांआडून पुटपुटला, "बंदर कार्यालयास नम्र विनंती, सदर प्रतिध्वनी तात्काळ मागे घेण्यात यावा."