गमबूट घातलेलं साळिंदर

"हे सगळं शपथेवर सांगताय, हे लक्षात आहे ना?" न्यायाधीश ऑसगुड बाईंनी फोनवरून विचारलं.

"अगदी पक्कं," असं म्हणून हार्लन डाइक्स्ट्रा खुर्चीत आणखी मागे रेलला.

बेकारी विम्याच्या सुनावण्या फोनवरच व्हायच्या. फेब्रुवारीतला मिशिगनचा बर्फ तुडवत कोण जाणार? ऑसगुड बाई लॅन्सिंगच्या कचेरीतून बोलत होत्या, हार्लन आपल्या लोणच्याच्या कारखान्यातून आणि लोरेटा पावलक आपल्या घरून. सगळं रेकॉर्ड होत होतं. हार्लनने वकील घेतला नव्हता. सरळ गोष्टीला वकील कशाला, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या लेखी गोष्ट सरळच होती. शेपू घातलेल्या काकड्यांचं त्याचं लोणचं पाच राज्यांत खपत होतं, आणि प्रत्येक बरणीवर लाल गमबूट घातलेलं एक साळिंदर होतं. ते लोरेटाने काढलेलं. नऊ वर्षं ती त्याला कधी बर्फात घसरवायची, कधी होडीत बसवायची. पोरं लोणचं खात नसत, पण साळिंदरासाठी आईकडे बरणीचा हट्ट धरत. जानेवारीत हार्लनने तिला सांगितलं, "आता येऊ नकोस." कारखाना तो शिकागोच्या एका कंपनीला विकत होता.

लोरेटाने बेकारी भत्त्याचा अर्ज केला. ही बाई तुमची नोकरच, तिला भत्ता मिळेल, असं कचेरीचं पत्र आलं. हार्लनने लगेच अपील ठोकलं. ती नोकर ठरली की घरबसल्या लेबलं चिकटवणाऱ्या बायका नोकर, ट्रकवाले नोकर. नोकरांसाठी मालकाने भरायचा मागच्या सगळ्या वर्षांचा विमा त्याच्या बोडक्यावर बसला असता आणि शिकागोवाल्यांनी काढता पाय घेतला असता. बत्तीस वर्षं काकड्या मुरवून झाल्यावर त्याला आता फ्लोरिडात पाय पसरून बसायचं होतं. ते सगळं या एका फोनवर अडकलं होतं. पण घाबरेल तो हार्लन कसला!

"कामावर यायची वेळ कोण ठरवायचं?" ऑसगुड बाईंनी विचारलं.

"तीच. मनाला येईल तेव्हा यायची, मनाला येईल तेव्हा जायची."

सोमवारी आणि गुरुवारी आठच्या ठोक्याला ती दारात दिसली नाही, तर हाच सगळ्यांदेखत घड्याळाकडे बोट दाखवायचा. पण ते त्याला या घडीला आठवत नव्हतं.

"रंग, कुंचले?"

"तिचेच."

"काही करार, लेखी कागद?"

"कागदाचा कपटासुद्धा नाही, बाई. हातात हात दिला, झालं काम. बाहेरच्या माणसाला कशाला बांधून घालायचं?"

"आणि काय काढायचं, कसं काढायचं, हे?"

हार्लन मोकळेपणाने हसला. "मला कुंचला कुठून धरायचा तेही कळत नाही. मी काय सांगणार?"

उत्तरं कशी भराभर सुचत होती! आपण वकील व्हायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं.

"पावलक बाई, तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

"दोनच गोष्टी," लोरेटा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हार्लन, साळिंदर काढ, असं तुम्ही मला म्हणाला होतात का?"

हार्लनला सगळं आठवत होतं. त्याच्या लहानपणी कोठारात एक साळिंदर शिरायचं आणि घामाच्या खारट चवीसाठी त्याच्या वडिलांचे बूट कुरतडायचं. जेवणाच्या सुट्टीत त्यानेच ती गोष्ट लोरेटाला सांगितली होती. "त्यालाच बूट घाल की, म्हणजे कुरतडणार नाही," असं तोच तिला म्हणाला होता आणि दोघंही पोट धरून हसले होते.

"नाही," तो म्हणाला. "ती कल्पना तुझी."

"आणि लाल बूट?"

"तेही तुझेच. पहिल्या काट्यापासून शेवटच्या काट्यापर्यंत सगळं तुझं आहे, लोरेटा. मी कशाला खोटं श्रेय घेऊ?"

"बरं. माझं झालं."

"यांच्या म्हणण्यावर तुम्हाला काही सांगायचं नाही?" ऑसगुड बाईंच्या आवाजात नवल होतं.

"नाही बाई. आहे तसंच लिहून घ्या."

हार्लनला तिची कीव आली. बाई चित्रं झकास काढते, पण भांडायचं कसं ते तिला ठाऊक नाही.

दोन आठवड्यांनी निकाल आला. लोरेटा पावलक ही नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक. चित्रामागची कल्पना, आखणी, रंग सर्वस्वी तिचे. करार नाही. भत्ता नामंजूर. हार्लनने तो तीनदा वाचला आणि कारखान्यात सगळ्यांना चेरीचा केक वाटला. अपिलाचे तीस दिवस त्याने कॅलेंडरवर खोडत काढले. लोरेटाने अपील केलं नाही.

त्याने तिच्या घरी लोणच्याचा एक खोका पाठवून दिला. मनाचा मोठेपणा असावा माणसाला. मग निकालाची प्रत त्याने स्वतःच शिकागोच्या कंपनीच्या वकिलाला, फेल्डकॅम्पला पाठवली. पाहा म्हणावं, माझ्याकडे सगळं कसं स्वच्छ आहे!

चार दिवसांनी फेल्डकॅम्पचा फोन आला.

"निकाल वाचला. असा खणखणीत निकाल क्वचित बघायला मिळतो."

"मग!" हार्लन म्हणाला. "वकिलाशिवाय मिळवलाय तो. आता बोला, सह्या कधी करायच्या?"

"हार्लन, लोणचं काय, कुणीही घालतं. आम्हाला साळिंदर हवं होतं. नोकराने काढलं असतं, तर ते मालकाचं झालं असतं. बाहेरच्या माणसाने कागद न करता काढलं, तर ते काढणाऱ्याचंच राहतं. सह्या आज सकाळीच झाल्या. लोरेटाबाईंबरोबर."