निरर्थक शब्द

नाचणीच्या पेजेचा चौथा चमचा नीताने ओठ घट्ट मिटून अडवला. पेज हनुवटीवरून ओघळली.

“लेंतो,” ती म्हणाली.

अविनाशने बायकोची हनुवटी पुसली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तीन आठवडे तिच्या तोंडून असलंच काहीबाही येत होतं. त्याचं नाव, लेकाचं नाव, साधा ‘पाणी’ हा शब्दसुद्धा तिला सापडत नव्हता. निरर्थक शब्द येतील, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने पुढचा चमचा भरला.

“लेंतो!” नीताचे डोळे भरून आले.

“काका, टीचर सावकाश भरवा म्हणतायत.”

दारात मनस्वी उभी होती. नीताकडे बारा वर्षं पियानो शिकलेली, जवळच्या कोन गावची मुलगी. टीचरना बघायला आली होती.

“तुला कसं कळलं?”

“लेंतो म्हणजे सावकाश. इटालियन शब्द हाय. नोटेशनच्या वर लिहिलेला असतो, कुठल्या लयीत वाजवायचं त्यासाठी. टीचरनी आमच्याकडून सगळे घोटून घेतलेत.”

अविनाशने वाटी खाली ठेवली. पियानो सुरू झाला की तो आतल्या खोलीत जाऊन बातम्या लावायचा. इतकी वर्षं.

“काल हिला गॅलरीत चालवत होतो, तर सारखं अंदांते, अंदांते. शेवटी मी ओरडलो तिच्यावर.”

“आरामात, चालायच्या चालीने. तुम्ही ओढत असाल त्यांना.”

त्याने हळूच विचारलं, “आणि प्रेस्तो?”

“एकदम जलद. घाईने.”

सकाळी ती चार वेळा प्रेस्तो म्हणाली होती. तो दाढी करत राहिला होता. मग चादर बदलावी लागली, आणि बदलताना तो चिडून बोललाही होता. नीता तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती.

त्याने टेबलावरून पेन आणि औषधांची चिठ्ठी उचलली, चिठ्ठी उलटी केली.

“सांग. सगळे सांग.”

मनस्वी एकेक शब्द सांगत गेली, तो अर्थासकट लिहीत गेला. नीता दोघांकडे बघत होती. कागद भरत आला तेव्हा त्याने विचारलं, “पुन्हा पहिल्यासारखं... असं म्हणायला काही शब्द आहे का गं?”

“हाय ना. आ तेंपो. पुन्हा मूळच्या लयीत.”

अविनाशने तोही लिहून घेतला. तीन आठवड्यांत नीताच्या तोंडून तो एकदाही आला नव्हता.