बारीक कूट

साखरपुड्याच्या पार्टीसाठी सुहासिनीबाई चीज बॉल वळत होत्या. होणाऱ्या सुनेला, शाल्मलीला, शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, असं मुलाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "नुसते नखरे," असं पुटपुटत त्यांनी चीजमध्ये दाण्याचा बारीक कूट मिसळलाच. एकदा चव कळली की आपोआप खाईल, असं त्यांना वाटलं.

"काकू, यात दाणे नाहीत ना?" शाल्मलीने हसत विचारलं.

"नाहीत गं. खा बिनधास्त."

शाल्मलीने एक चीज बॉल खाल्ला. बघता बघता तिचे ओठ सुजले. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिने पर्समधलं अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन काढलं आणि नव्या ड्रेसवरूनच मांडीत खुपसलं. चिमूटभर कुटाने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे सुहासिनीबाई स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "आता धोका टळलाय. पण त्यांनी खाल्लं काय होतं?"

"आईने केलेले चीज बॉल. त्यात दाणे नव्हते," मुलगा ठामपणे म्हणाला.

"होते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मीच घातले. मुद्दाम."

आईच्या खांद्यावर ठेवलेला हात मुलाने हळूच काढून घेतला.