मळ्यातली हजेरी

"इथं नको, जिन्याकडे घ्या. डोकं भिंतीकडे," मुकादम खिनेस म्हणाला. ऑलिव्हच्या मळ्यातल्या दोघा गड्यांनी एलादियोला त्याच्याच घराच्या जिन्याच्या पायथ्याशी उतरवलं आणि खाली मान घालून ते बाहेर पडले. झाडाखाली अंथरायच्या हिरव्या जाळ्यात घालून आणलं होतं त्याला. जाळ्यातून थोडी पानं आणि काळे ऑलिव्ह फरशीवर सांडले.

मसुराचं भांडं चुलीवर तसंच ठेवून त्याची बायको कासिल्दा धावत आली.

"झाडावरून पडला," खिनेस हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे जिन्यावरून पडला, वहिनी. ध्यानात ठेवा. मळ्यात आज एलादियो नव्हताच."

कागदावर तो खरंच नव्हता. बांधकामावरची नोकरी गेल्यापासून सरकार त्याला महिन्याच्या महिन्याला बेकारीचा भत्ता देत होतं, आणि असा माणूस मजुरी करताना सापडला की भत्ता बंद. म्हणून मजुरी रोख हातावर, आणि हजेरी बायकोच्या नावावर. तिच्या नावावर पुरेसे दिवस भरले, की मळे रिकामे असतात त्या महिन्यांत तिलाही थोडा सरकारी भत्ता मिळे. स्पेनमधल्या खाएनच्या त्या टेकड्यांत याला कुणी चोरी म्हणत नसे. निम्म्या गावच्या बायका अशाच चुलीपुढे बसून ऑलिव्ह झोडत होत्या. पाद्रीबुवांनाही ठाऊक होतं, पण तेही कधी बोलले नाहीत.

"कासिल्दा, माझे पाय कुठायत गं?" एलादियोनं विचारलं.

"आहेत रे. इथंच आहेत." तिनं त्याच्या मांडीला चांगला चिमटा काढला. त्याला कळलंच नाही. ती फोनकडे वळली.

"थांबा, वहिनी." खिनेसनं टोपी काढली. "दवाखान्यातले विचारतील, कुणाला सापडला? तुम्ही म्हणाल, मला. आणि आजच्या हजेरीत तर तुम्ही मळ्यात आहात."

"मग?"

"मग माझ्याबरोबर चला. डोक्याला रुमाल बांधा, ऑलिव्ह झोडायची काठी हातात धरा. शेजारच्या बिसीला सांगतो मी. मीठ मागायला आली नि तिला दिसला, असं म्हणेल. फोन तीच करेल."

"आणि याला इथं असा टाकून येऊ?"

"थोडा वेळ फक्त."

"तुमची बायको असती तर?"

"माझ्या बायकोची हजेरीही तिथंच लागते," खिनेस म्हणाला. टोमणा नव्हता तो. माणूस वाईट नव्हता, त्याचंही पोट त्याच मळ्यावर होतं.

"जा तू," एलादियो जमिनीवरून म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "दोघांचा भत्ता जाईल, घेतलेला परत मागतील, वर दंड. खाशील काय? माझं काय व्हायचं ते होईल."

कासिल्दानं खुंटीवरचा रुमाल काढला. खिनेसनं सुटकेचा निःश्वास टाकला. तिनं रुमालाची नीट घडी केली, नवऱ्याच्या मानेखाली अलगद सरकवली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसून फोन कानाला लावला.

"वहिनी, नीट विचार करा. मालक तर मलाही हाकलेल. गावात परत कुणी काम देणार नाही."

"काम? कुणाला देणार आता?" ती म्हणाली. "याला?"

खिनेस त्या पायांकडे बघत राहिला. मग काय करावं ते न सुचून तो गुडघे टेकून फरशीवरची पानं वेचू लागला.

"काय झालंय?" फोनवरच्या मुलीनं विचारलं.

"माझा नवरा पडलाय. त्याला पाय कळत नाहीत."

"कुठून पडले?"

एलादियो मान हलवून नको नको म्हणत होता. त्याची मान तेवढी हलत होती. हा जीव वाचला तरच पुढचं सगळं, आणि कुठून पडला तेच खोटं सांगितलं तर डॉक्टर करणार काय? तिला राग आला, मालकाचा, खिनेसचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तिची म्हणून लागलेली एकेक हजेरी यानं राबून भरली होती.

"झाडावरून. मळ्यात, ऑलिव्ह झोडताना. मग उचलून घरी आणलाय त्याला, तेही सांगा डॉक्टरांना."

खिनेसचे हात थांबले.

"तुम्ही होता का तिथे, बाई?"

"नाही," कासिल्दा म्हणाली. "मी घरी होते. मी रोज घरीच असते."