रूथबाईंचं उत्तर

जिंतूरजवळच्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारची उपासना चालली होती. ट्रॅक्टरच्या धडकेत पाय गमावलेल्या भुजंग मेंढपाळासाठी प्रार्थना झाली. धडक देऊन पळालेला अजून सापडला नव्हता. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "ख्रिस्ती माणसाचं शहाणपण सगळ्यात जास्त कोणत्या गुणात दिसतं?"

"नम्रतेत," एक जण म्हणाला. "सहनशीलतेत," दुसरा.

"प्रीतीत!" मंडळीतले वडीलधारे याकोबराव ठासून म्हणाले. "प्रीती कुणाचं पाप चव्हाट्यावर आणत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या रूथबाई तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"खरेपणात," त्या म्हणाल्या आणि पुरुषांच्या बाजूला खाली मान घालून बसलेल्या आपल्या लेकाकडं वळल्या. "शांतवन, ऊठ लेकरा. ठाण्यात जायचंय. भुजंगदादाला तुझ्या ट्रॅक्टरनं उडवलं, हे मला सांगितलंस तसं तिथल्या साहेबालाबी सांग."

याकोबराव कसेबसे म्हणाले, "अहो बाई, पोटचं पोर हाय ते. आईच्या प्रीतीचं काय मग?"

रूथबाईंनी पदर खोचला.

"म्हणून तर मी संगं जायलेय."