मॉरीनच्या जागी

ब्रॉडवेवर एखादी नटी आली नाही, की कार्यक्रमपत्रिकेत पांढरी चिठ्ठी घालतात: आज हिच्याऐवजी अमुक. अकरा वर्षांत मॉरीनच्या नावाची चिठ्ठी एकदाही निघाली नव्हती.

बुधवारी दुपारच्या खेळाला मात्र तिची गाडी बोगद्यात अडकली. ती मागच्या दाराशी पोचली, तेव्हा पहिला अंक सुरू झाला होता. दरवान ऑगीच्या टेबलावर चिठ्ठ्या उरल्या होत्या. 'आज मॉरीन डेलेनी यांच्याऐवजी मॉरीन डेलेनी.'

"हा ट्रुडीचाच चावटपणा!" मॉरीन भडकली. ट्रुडी तिची बदली नटी, सहा वर्षं टपून बसलेली.

"ट्रुडी दाढ दुखतेय म्हणून घरी आहे," ऑगी म्हणाला. "आणि बाई, तुम्ही बाहेर कधी गेलात? मघाशीच तर सही करून वर गेलात."

हजेरीच्या कागदावरची सही तिचीच होती, खालच्या वाकड्या शेपटीसकट.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचं गाणं सुरू झालं. आवाज तिचाच होता. तिला कधीच न जमलेला शेवटचा सूर त्या आवाजानं अलगद लावला.

ऑगीनं मिटलेले डोळे उघडले. समोर उभ्या बाईकडे त्यानं संशयानं पाहिलं.

"कोण हवंय तुम्हाला?"