शोध अधिकारी

व्हर्लीनचा नवरा घर सोडून गेला तेव्हा पोरगी रांगत होती. आता शाळेतला फळा दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी तिला चष्मा सांगितलाय. पळालेल्या बापांना शोधून पोरांची पोटगी मिळवून द्यायला राज्य सरकारची खास कचेरी आहे, पण तिथून सहा वर्षं एकच उत्तर येत होतं: "तुमचा नवरा सापडत नाही."

आज व्हर्लीन तडक शोध अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत गेली. खुर्ची रिकामी होती.

"रॉइस साहेब तळ्यावर गेलेत गं," शेजारच्या टेबलावरची म्हातारी कारकून मिस ओडेसा म्हणाली. "सोमवार ते शुक्रवार मासे पकडतात."

"आणि शनिवार-रविवार?"

"तेव्हा कचेरीला सुट्टी असते ना."

"यांना नोकरीवर ठेवलं कुणी?"

"संचालकांनी. हे त्यांचे मेहुणे. आणि संचालक गव्हर्नरसाहेबांचे कॉलेजातले दोस्त. आपण काय बोलणार?"

"मिस ओडेसा, खरं सांगा. सहा वर्षांत या माणसाने एक तरी बाप पकडलाय का?"

मिस ओडेसाने टेबलावरचा फोटो तिच्याकडे सरकवला. साहेब होडीत उभे होते, दोन्ही हातांत हा एवढा थोरला कॅटफिश. "हा एक मासा पकडलाय बघ. गेल्याच आठवड्यात."

व्हर्लीनने फोटो उचलला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ निरखला.



"एक नाही, दोन पकडलेत. मागे वल्हं धरून बसलाय ना, तो माझा नवरा."